बाळाच्या कार्डावरचे दोन आकडे : डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांची गोष्ट

बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी निघताना तुमच्या हातात डिस्चार्ज कार्ड दिले जाते. त्यावर बाळाची जन्मवेळ, वजन आणि दिलेल्या लसी यांची नोंद असते. त्याच रांगेत कुठेतरी ‘ॲपगार’ हा शब्द आणि त्यापुढे दोन आकडे असतात. उदाहरणार्थ ७ आणि ९. वजनाचा अर्थ सगळ्यांना कळतो, या आकड्यांचा कळत नाही. मग घरातले कोणीतरी मोबाइलवर शोधाशोध करते. कोणी म्हणते हा बाळाच्या बुद्धीचा आकडा आहे. कोणाला आठवते की शेजारच्या बाळाला पहिल्याच मिनिटाला ९ मिळाले होते. आणि नुकतीच बाळंत झालेली आई, आपल्या बाळाला दोन गुण कमी का मिळाले, या विचाराने रात्रभर जागी राहते.

तुमच्या घरी असे झाले असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ॲपगार हे एका डॉक्टरबाईंचे आडनाव आहे. त्या कोण होत्या आणि हे आकडे त्यांनी कशासाठी काढले हे कळले, की कार्डावरच्या आकड्यांची भीती पुष्कळ कमी होते.

आजारपण पाहिलेले घर

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफील्ड या गावी झाला. तीन भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. मोठा भाऊ लहानपणीच क्षयरोगाने गेला. दुसऱ्या भावाचे दुखणे वर्षानुवर्षे चालू होते. त्या काळात क्षयावर औषध नव्हते. घरातले एक मूल गेलेले आणि दुसरे सतत आजारी, अशा घरात वाढलेल्या मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

वडील नोकरी सांभाळून तळघरात प्रयोग करत असत. त्यांना आकाशदर्शनाचा आणि बिनतारी संदेश यंत्रणेचा नाद होता. घरात संगीत होते आणि व्हर्जिनिया लहानपणीच व्हायोलिन शिकल्या. एखादी गोष्ट नीट पाहायची, नोंदवायची आणि मग बोलायचे, ही सवय त्यांना घरातूनच लागली. पुढे हीच सवय जगभरातल्या बाळांच्या उपयोगी पडली.

माउंट होलियोक या मुलींच्या कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले. शिष्यवृत्ती होती, पण ती पुरत नव्हती, म्हणून शिकता शिकता त्या मिळेल ते काम करत. त्यात प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणण्याचेही एक काम होते. १९२९ मध्ये पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. वर्गात मुली मोजक्याच होत्या. १९३३ मध्ये त्या चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर जवळजवळ ४,००० डॉलरचे कर्ज होते.

सर्जन व्हायचे होते, भूलतज्ज्ञ झाल्या

त्यांना सर्जन व्हायचे होते. प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेचे प्रशिक्षणही सुरू झाले आणि काम उत्तम चालले होते. पण विभागप्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना वेगळा सल्ला दिला. मंदीच्या दिवसांत पुरुष सर्जनांनाही पोट भरणे कठीण झाले होते, स्त्री सर्जनकडे रुग्ण येणे त्याहून अवघड. व्हिपल यांनी दुसरी एक गोष्टही ओळखली होती. भूल देण्याचे शास्त्र मागे राहिले, तर शस्त्रक्रियाही पुढे जाणार नाही. तेव्हा बहुतेक ठिकाणी भूल देण्याचे काम परिचारिका करत आणि डॉक्टरांसाठी तो स्वतंत्र विषय जेमतेम सुरू होत होता.

मनातले स्वप्न बाजूला ठेवणे सोपे नव्हते, पण त्यांनी सल्ला मानला. आधी स्वतःच्या हॉस्पिटलमधल्या भूल देणाऱ्या परिचारिकांकडे, मग विस्कॉन्सिनमध्ये डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे, नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये त्या शिकल्या. निवासी डॉक्टरांसाठी खोल्या होत्या, पण त्या पुरुषांसाठी. त्यामुळे राहण्याच्या जागेसाठीही त्यांना धावाधाव करावी लागली.

१९३८ मध्ये त्या आपल्या जुन्या हॉस्पिटलमध्ये भूलशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून परतल्या. विभाग म्हणजे सुरुवातीला बऱ्याच अंशी त्या एकट्याच! पगार, मनुष्यबळ आणि मान या तिन्हींसाठी त्यांनी अकरा वर्षे झगडून तो विभाग उभा केला. १९४९ मध्ये त्याचे स्वतंत्र खाते झाले, तेव्हा प्रमुखपद मात्र एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. त्याच वर्षी ॲपगार पूर्ण प्राध्यापक झाल्या. त्या महाविद्यालयातल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. प्रशासनाचे ओझे उतरले आणि त्या प्रसूतिकक्षाकडे वळल्या. बाळंतिणींना भूल देणे हे आता त्यांचे मुख्य काम झाले.

बाळाकडे कोण पाहत होते?

पुढचे समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू आईकडून वार व नाळेतून मिळतो. जन्म होताच हा पुरवठा थांबतो. पहिल्या काही श्वासांत फुप्फुसांतला द्रव बाजूला सरून तिथे हवा भरली पाहिजे आणि रक्ताचा प्रवाह फुप्फुसांकडे वळला पाहिजे. आयुष्यात शरीराला इतका मोठा बदल इतक्या कमी वेळात पुन्हा कधीच करावा लागत नाही. बहुतेक बाळांना हे आपोआप जमते. काहींना थोडी मदत लागते आणि थोड्यांना तातडीची. अशा वेळी एक-एक मिनिट मोलाचे असते.

आता १९४० च्या दशकातला प्रसूतिकक्ष डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत बालमृत्यू एकूण कमी होत होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले मृत्यू फारसे हटत नव्हते. बाळ बाहेर आले की डॉक्टरांचे लक्ष आईकडे जाई. वार पडली का, रक्तस्राव थांबला का, टाके कसे घालायचे. आईचा जीव वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण जे बाळ निळे, लुळे आणि न रडणारे जन्मले, त्याच्याकडे ठरावीक पद्धतीने पाहण्याची रीत नव्हती. एक डॉक्टर म्हणे ठीक आहे, दुसरा म्हणे बरे नाही. काही बाळांच्या बाबतीत आता उपयोग नाही असे मानून प्रयत्नच होत नसत. त्यांतली काही बाळे वेळेवर मदत मिळती तर वाचली असती.

भूलतज्ज्ञ आईच्या उशाशी बसतो. त्याची नजर सतत नाडी, श्वास आणि रंग यांवर असते. ॲपगार यांनी आईसाठी रोज पाहायची हीच लक्षणे बाळातही पाहायला सुरुवात केली.

नाश्त्याच्या टेबलावर सुचलेले पाच प्रश्न

असे सांगतात की एका सकाळी हॉस्पिटलच्या खानावळीत नाश्ता करताना एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची तब्येत पटकन कशी ठरवायची. ॲपगार यांनी हाताशी आलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या आणि त्या करून पाहण्यासाठी लगेच प्रसूतिकक्षाकडे निघाल्या. त्या पाच गोष्टी आजही तशाच आहेत. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण.

• हृदयाचे ठोके : ठोके नसतील तर ०, मिनिटाला १०० पेक्षा कमी असतील तर १, १०० किंवा जास्त असतील तर २.

• श्वास : श्वास नसेल तर ०, मंद किंवा अनियमित असेल तर १, बाळ जोरात रडत असेल तर २.

• अंगातला ताण : बाळ पूर्ण लुळे असेल तर ०, हातपाय थोडे दुमडलेले असतील तर १, चांगली हालचाल असेल तर २.

• प्रतिसाद : तळपायाला टिचकी मारली किंवा पाठ चोळली तरी काहीच प्रतिसाद नसेल तर ०, नुसते तोंड वाकडे केले तर १, रडले, शिंकले, खोकले किंवा पाय ओढून घेतला तर २.

• रंग : सगळे अंग निळे किंवा पांढरेफटक असेल तर ०, अंग गुलाबी पण हातपाय निळसर असतील तर १, सगळे गुलाबी असेल तर २.

पाचही मिळून जास्तीत जास्त १० गुण. यासाठी यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, पैसा खर्च होत नाही. कान, डोळे आणि हात पुरतात. आपल्याकडे लेबर रूमबाहेर थांबलेली आजी पहिल्यांदा विचारते, बाळ रडले का? प्रश्न अगदी योग्य आहे. ॲपगार यांनी त्या एका प्रश्नाला आणखी चार जोडले आणि उत्तर केव्हा द्यायचे तेही ठरवले. वेळ बरोबर एक मिनिट. पाच मिनिटांची दुसरी नोंद नंतर रूढ झाली.

त्यांनी आणखी एक पथ्य सांगितले. ज्या डॉक्टरने बाळंतपण केले, त्याने शक्यतो गुण देऊ नयेत. आपल्या हातून जन्मलेले बाळ उत्तमच असणार असे माणसाला नकळत वाटते. म्हणून बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यक्तीने पाहावे. डॉक्टरांच्या मनाचा हा कच्चेपणा त्यांना पुरता ठाऊक होता.

आकड्यांनी काय दाखवले

१९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत एका वैद्यकीय परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कमी गुण मिळालेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त आणि ८ ते १० गुण मिळालेल्यांत अगदी थोडे, असे त्यांच्या पहिल्याच नोंदींतून दिसले. पुढे १२ संस्थांनी मिळून १७,२२१ बाळांचा अभ्यास केला. एवढ्या मोठ्या समूहात पाच मिनिटांचा गुणांक आणि बाळ जगण्याची शक्यता यांचा संबंध असल्याचे त्यातून ठळक झाले.

पण माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. एक मिनिटाने आकडा लिहायचा असेल, तर एक मिनिट होईपर्यंत कोणीतरी बाळाकडे पाहिलेच पाहिजे. आणि ज्याने ३ हा आकडा लिहिला, त्याला हात बांधून उभे राहता येत नाही. लगेच काहीतरी करावे लागते. श्वसनमार्ग मोकळा करणे, श्वास देणे, ऊब देणे. पाच मिनिटांनी आकडा ८ झाला, तर केलेल्या कामाचे फळ समोर दिसते.

आपण या गुणांना बाळाची पहिली परीक्षा म्हणतो. ॲपगार यांच्या पद्धतीने खरी परीक्षा घेतली ती खोलीतल्या मोठ्या माणसांची.

आवडते औषध सोडावे लागले

त्या परीक्षेत स्वतः ॲपगारही बसल्या. गुणांची नोंद होऊ लागल्यावर एक तुलना करता आली. सिझेरियनच्या वेळी आईच्या पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली, तर बाळांचे गुण चांगले येत. आईला पूर्ण बेशुद्ध केले तर ते कमी येत.

सायक्लोप्रोपेन हा त्या काळी भूल देण्यासाठी वापरला जाणारा वायू होता. ॲपगार तो आवडीने वापरत. डॉ. डंकन हॉलडे आणि डॉ. स्टॅनली जेम्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बाळांच्या नाळेतील रक्ताची तपासणी सुरू केली. त्यात आढळले की हा वायू आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाला सुस्त करतो. वर्षानुवर्षे आपण हौसेने वापरलेले औषध बाळांना त्रास देत होते, हे कळणे कोणत्याही डॉक्टरला जड जाईल. त्यांनी पुरावा मान्य केला आणि बाळंतिणींसाठी तो वायू वापरणे सोडून दिले.

याच तपासण्यांतून हेही स्पष्ट झाले की न रडणाऱ्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त असते. त्याला थोडा वेळ तसेच राहू द्यावे, आपोआप सुधारेल, हा समज धोक्याचा आहे. आज तुमचे सिझेरियन ठरले आणि भूलतज्ज्ञांनी पाठीत इंजेक्शन देण्याचा सल्ला दिला, तर त्यामागची अनेक कारणे आईच्या सुरक्षिततेची असतात. बाळाच्या अंगात भुलेचे औषध कमीत कमी जावे, हेही त्यांतले एक आहे.

तुमच्या बाळाचे आकडे कसे वाचाल?

आता तुमच्या हातातल्या कार्डाकडे वळू.

पहिला आकडा १ मिनिटाचा, दुसरा ५ मिनिटांचा. पाच मिनिटांचा आकडा ७ ते १० असेल तर बाळाने बदल नीट पेलला असे समजतात. ४ ते ६ म्हणजे मदतीची आणि लक्ष ठेवण्याची गरज. ० ते ३ म्हणजे स्थिती गंभीर. पाच मिनिटांनीही आकडा ७ पेक्षा कमी असेल तर दर पाच मिनिटांनी, २० मिनिटांपर्यंत पुन्हा नोंद करतात.

१० पैकी १० फार थोड्या बाळांना मिळतात. जन्मल्यावर काही वेळ हातपाय निळसर असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे एक गुण तिथेच जातो. रक्तातला प्राणवायू हळूहळू वाढत जातो. निरोगी बाळालाही पुरेशा पातळीपर्यंत पोहोचायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो.

सावळ्या बाळाचा रंग त्वचेवरून पाहत नाहीत. आपल्याकडच्या बाळांत ओठ, जीभ आणि तोंडाच्या आतला भाग पाहतात. जीभ गुलाबी असेल तर बाळाच्या मूळ वर्णाचा गुणांशी काही संबंध नसतो.

दिवस पूर्ण न झालेल्या बाळाचे गुण कमी येऊ शकतात. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या अंगात ताण कमी असतो आणि श्वासही कच्चा असतो. ते त्याच्या वयाला धरून असते. आईला दिलेली औषधे, जंतुसंसर्ग, बाळातला जन्मजात दोष यांमुळेही आकडा बदलतो.

हा आकडा बुद्धी सांगत नाही. एका बाळाच्या आकड्यावरून ते पुढे कसे शिकेल, चालेल किंवा बोलेल, हे कोणालाही सांगता येत नाही. पाच मिनिटांनी गुण फारच कमी असले, तर मेंदूच्या काही आजारांचा धोका समूहात वाढलेला दिसतो, हे खरे आहे. पण कमी गुणांच्या बहुतेक बाळांना पुढे सेरेब्रल पाल्सी होत नाही. केवळ या गुणांवरून बाळाचा मेंदू गुदमरला होता असे निदानही करता येत नाही. त्यासाठी इतर तपासण्या लागतात.

आकड्याची वाट पाहून उपचार सुरू करत नाहीत. बाळ श्वास घेत नसेल तर एक मिनिट पूर्ण होण्याआधीच मदत सुरू होते. त्यामुळे पहिला आकडा ४ आणि दुसरा ८ असेल, तर तुमच्या बाळाला वेळेवर मदत मिळाली आणि त्याने ती स्वीकारली, असा त्याचा साधा अर्थ आहे.

पाच मिनिटांचा आकडा ७ पेक्षा कमी असेल, तर घरी जाण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना संकोच न करता चार गोष्टी विचारा : बाळाला श्वासासाठी कोणती मदत लागली आणि किती वेळ, बाळाला झटका आला होता का, बाळ नीट दूध ओढते का, आणि पुढची तपासणी, कानांची चाचणी व वाढीची पाहणी केव्हा करायची. ही उत्तरे आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

पन्नाशीत पुन्हा विद्यार्थिनी

ॲपगार यांच्या गोष्टीचा उत्तरार्धही आयांसाठीच आहे. हजारो बाळंतपणे पाहिल्यावर त्यांना एक रुखरुख लागली होती. काही बाळे जन्मताच दोष घेऊन येत आणि ते दोष जन्माच्या कितीतरी आधी, गर्भारपणातच ठरलेले असत. १९५९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. त्याच वर्षी त्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत दाखल झाल्या. ही संस्था आधी पोलिओसाठी काम करत होती आणि लस आल्यानंतर जन्मजात दोषांच्या प्रश्नाकडे वळत होती. तो विभाग ॲपगार यांनी सांभाळला.

त्या काळी अपंग मूल जन्मले की घरातले लोक ते लपवून ठेवत, आणि दोष आईच्या माथी मारला जाई. हे आपल्यालाही अपरिचित नाही. ॲपगार गावोगावी गेल्या, पालकांशी बोलल्या, वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून सोप्या भाषेत समजावत राहिल्या. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेला म्हणजे जर्मन गोवराची मोठी साथ आली. हा आजार मोठ्यांना किरकोळ वाटतो, पण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत झाला तर बाळाचे कान, डोळे आणि हृदय यांना कायमची इजा होऊ शकते. लस उपलब्ध झाल्यावर तिचा प्रसार करणाऱ्यांत ॲपगार आघाडीवर होत्या. आईचा आर-एच रक्तगट तपासण्याचा आग्रहही त्यांनी धरला.

तुमच्यासाठी यातले दोन मुद्दे आजही कामाचे आहेत. आपल्याकडे लहान मुलांना सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते, पण आज आई होऊ पाहणाऱ्या अनेक तरुणींना ती लहानपणी मिळालेली नसते. गर्भधारणेचा विचार करत असाल तर आधीच डॉक्टरांना विचारा. ही लस गर्भारपणात देत नाहीत आणि घेतल्यावर किमान एक महिना थांबावे लागते. दुसरे म्हणजे, तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्याच तपासणीत तो सांगा. वेळेवर दिलेले अँटी-डी इंजेक्शन पुढच्या बाळांचे रक्षण करते.

फोनच्या बूथमधली फळी

इतके सगळे वाचून ॲपगार गंभीर, कडक बाई असतील असे वाटेल. त्या तशा नव्हत्या. त्या भरभर बोलत आणि भरभर चालत. श्वास अडकलेला माणूस वाटेत भेटला तर हाताशी असावी म्हणून श्वासनलिकेत घालायची नळी आणि चाकू त्या जवळ बाळगत. व्हायोलिन त्यांनी आयुष्यभर वाजवले, आणि पुढे एका वाद्य बनवणाऱ्या रुग्ण-मैत्रिणीकडून वाद्ये तयार करायलाही शिकल्या. त्या मैत्रिणीला हॉस्पिटलच्या टेलिफोन बूथमधली लाकडी फळी वाद्यासाठी फार आवडली. रीतसर मागून ती मिळेना. मग एका रात्री ॲपगार पहाऱ्याला उभ्या राहिल्या, मैत्रिणीने जुनी फळी काढून तिथे दुसरी बसवली, आणि चोरलेल्या फळीतून वाद्य घडले! ॲपगार यांनी हाताने बनवलेल्या वाद्यांत व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचा समावेश होता.

त्यांनी लग्न केले नाही आणि त्यांना स्वतःचे मूल नव्हते. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, यकृताच्या आजाराने त्यांचे निधन झाले. ज्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, तिथेच. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या आडनावाच्या पाच इंग्रजी अक्षरांत पाचही लक्षणे बसवण्याची युक्ती विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी नंतर काढली. ती इतकी चपखल बसली की ॲपगार हे कोणा माणसाचे नाव आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

जाता जाता

हे आकडे जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांपुरते असतात. त्या मिनिटांत मदत मिळाली की त्यांचे काम संपते. घरी आल्यावर तुमचे लक्ष कार्डावर नको, बाळावर हवे. पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नका. लगेच दवाखान्यात जा किंवा १०८ क्रमांकावर फोन करा.

• बाळ दूध ओढत नाही, किंवा उठवले तरी उठत नाही.

• श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते किंवा बाळ कण्हते.

• ओठ किंवा जीभ निळसर दिसते.

• झटके येतात.

• अंग तापले आहे, किंवा ऊब देऊनही गार पडते.

• कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली आहे.

यांतले काही नसेल, बाळ पोटभर पीत असेल, लघवी नीट होत असेल आणि वजन वाढत असेल, तर कार्ड फाइलमध्ये ठेवून द्या. शेजारच्या बाळाचे ९ आणि आपल्या बाळाचे ७ हा हिशेब मांडू नका. त्या पहिल्या मिनिटाला कोणीतरी तुमच्या बाळाच्या छातीवर कान ठेवला होता, त्याचा रंग पाहिला होता, पाठ चोळली होती. ते ७ त्याचीच नोंद आहेत.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या बाळाबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)